दुसरी खुर्ची

मका सोलायचा बाकी होता, तरी त्या गुरुवारी दुपारी मी हात धुतले, डोक्याला नवा रुमाल बांधला आणि कणसांच्या ढिगाखाली लपवलेली रकीयाची बाटली काढली. सात वर्षं मुरलेली दारू, आमच्याच आलुबुखारांची. घरातली बाकी सगळी मी उकिरड्यावर ओतली होती. एवढी ठेवली, कारण उपकार करणाऱ्याच्या दारात आमच्याकडे रिकाम्या हाताने जात नाहीत.

उपकार मोठाच होता. माझा नवरा मिलोये सहा आठवडे दारूला शिवला नव्हता. दर गुरुवारी वितोमिर त्याला गाडीत घालून शहरात, दारू सोडणाऱ्यांच्या बैठकीला नेत होता. वितोमिर आमचा कूम. आमच्या लग्नात साक्षीला उभा राहिलेला, आमच्या लेकीला, यागोदाला, बाप्तिस्म्याच्या पाण्यातून उचलून घेतलेला. वर देव आणि खाली कूम, असं आमच्यात म्हणतात. मी एकदा सोबत येते म्हणाले, तर तो म्हणाला, "नगं, वैनी. बायकू म्होरं बसली की गड्याचं त्वांड उघडत न्हाई."

मिलोयेच्या कपड्यांना वास यायचा. पण हंगामात वितोमिरच्या आवारात भट्टी पेटलेली असते, तिथून येणाऱ्याला वास लागायचाच. मी मानलं. मला मानायचंच होतं. यागोदा तीन वर्षं माहेरी आली नव्हती. तिच्या बाळाच्या बाप्तिस्म्यात तिचा बाप पिऊन पाद्र्याच्या अंगावर कोसळला, तेव्हापासून. घरच्या संताचा सण नऊ दिवसांवर आला होता आणि मी तिला फोनवर सांगून बसले होते, "ये गं. तुजा बा सुधारला."

बैठकीतल्या माणसांचे आभार मानायला मी बसने शहरात उतरले, पण बैठक कुठे भरते ते कुणाला ठाऊक? पाववाली म्हणाली, "कंच्या पक्षाची?" दवाखान्याच्या रखवालदाराने मात्र इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "आगीच्या बंबामागं जिना हाय. चढून जावा. आग इझवायचंच काम हाय दोनीकडं."

वर दहा-बारा माणसं कॉफी घेत बसली होती, दोघं-दोघं खुर्चीला खुर्ची लावून. मिलोये अजून पोचला नव्हता. मी बाटली टेबलावर मधोमध ठेवली. "मिलोयेच्या घरनं. ग्वाड मानून घ्या."

एका म्हाताऱ्याने दोन्ही हात काखेत दाबून धरले आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. बैठक चालवणारी नर्स स्लावका उठली आणि तिने स्वतःचा कोट बाटलीवर टाकला. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं मी काय करून बसले ते. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"चुकले बाई," मी म्हणाले. "हाताची सवय."

"असूं द्या," म्हातारा खिडकीकडेच बघत म्हणाला. "माजी दारू सुटली म्हनून माज्या आयनं डाक्टरला हेच दिल्यालं." सगळे हसले. मीही हसले.

"तुमी कुनाच्या म्हनालात?" स्लावकाने विचारलं.

"मिलोयेच्या. उंच हाय, डाव्या हाताला भाजल्याचा डाग. दर गुरवारी येतो की."

हसू विरलं. ते एकमेकांकडे बघू लागले. "असं कुनी येत न्हाई, बाई."

"एकलाच येतो. कूम सोडतो खाली."

स्लावकाने माझा हात धरला. "एकल्याला आमी घेतच न्हाई. पिनारा असूं द्या का पिनाऱ्याच्या घरचा, शेजारी घरचं मानूस लागतं. पैला नेम हाय हितला."

मी कोटाखालची बाटली उचलली आणि जिना उतरले.

पुलापाशी बसमधून उतरले तेव्हा ऊन कलत होतं. घरी न जाता वितोमिरच्या आवारात शिरले. तो भट्टीत लाकडं सारत होता. तोटीखाली पेला धरून बसला होता माझा नवरा. मला बघून त्याने पेला मागे केला.

"आत्ताच आलू बैठकीवरनं," मिलोये म्हणाला.

"व्हय वैनी, मीच आनलं," कूम म्हणाला.

"काय झालं आज तितं?"

"लई चांगलं झालं," मिलोये म्हणाला. "सगळ्यांनी पाट थोपटली माजी."

मी बाटली दोघांच्या मधे ठेवली. "मी तितनंच येतेय. त्यांच्यातल्या कुनी तुजं नावबी ऐकल्यालं न्हाई."

मिलोये खाली बघू लागला. वितोमिरने मिशीवरून हात फिरवला. "समद्या खोऱ्यात भट्टीची धार चाखायला ह्याच्यासारकी जीभ न्हाई, वैनी. हंगाम सरला की न्हेनारच हुतो. पोरीला नगं सांगूस. सन होऊं दे."

"माज्या पोरीला पान्यातनं उचलल्यालं ह्याच हातांनी," मी म्हणाले. "आन् ह्याच हातांनी तिच्या बाला पेला दिलास."

मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. मिलोये उठला. वाटलं, माझ्याकडे येतोय. त्याचा हात बाटलीवर गेला.

तिथेच उभं राहून मी यागोदाला फोन लावला. "तुजा बा सुधारला न्हाई. मलाच फसवल्यालं. तुला खोटं सांगितलं मी."

फोनवर मागे तिचं पोर कुरकुरत होतं.

"सनाला नगं येऊस," मी म्हणाले. "बाला भेटायलाबी नगं. पन पुढल्या गुरवारी मला त्या बैठकीला जायचंय. एकलीला घेत न्हाईत. घरचं मानूस लागतं."

"किती वाजता?" यागोदाने विचारलं.