मापाचं वरण

“गाडी आली वो बाई तुमच्या घरी. उतरलं का कोनी?”

कुडापलीकडून भुरीबाईचा आवाज आला आणि माझ्या हाताखालची भाकर थापता थापता फाटली. भुरीबाई माझी धाकटी जाऊ. दीर गेल्यापासून तुराट्यांच्या कुडाआड दोन लेकरं घेऊन वेगळी राहते. टोमणा मारणं तिचा हक्कच आहे, तो मीच तिला शिकवला. राग आला तो चुलीवर शिट्या मारणाऱ्या त्या कुकरचा, आणि तो नागपूरहून आणणाऱ्या माझ्या लेकाचा.

हिरासिंग आर्णीला मास्तर. बायकोचे डोळे धुराने सुजतात म्हणून आणला म्हणे. माझे डोळे काय काचेचे होते?

त्या साली पावसाने दगा दिला होता. तूर जागीच करपली. तांड्यात घरोघर सरकारी दुकानातली लाल ज्वारी आणि अंबाडीची भाजी. डाळ शिजायची ती मास्तराच्याच घरी, आणि हा मेला शिटी मारून ते साऱ्या तांड्याला सांगायचा.

आमच्यात रीत अशी, की ज्याच्या चुलीवर वरण त्याच्या दारी शेजारीण वाटी घेऊन आली तर गंजात, म्हणजे वरणाच्या पातेल्यात, तांब्याभर पाणी वाढवायचं, मीठ टाकायचं आणि तिची वाटी भरायची. ते मागणं नव्हे की देणं नव्हे. उद्या तिच्या गंजात पाणी वाढेल.

त्या दिवशी शिटी झाली तशी भुरीबाई आली. ओढणीखाली वाटी. माझी सून हंसाबाई म्हणाली, “काकी, आता नाही उघडत ते. वाफ जिरू द्या.”

“बसतो न मी. जिरली का मंग?”

“मंग बी... मापाचंच हाय काकी. आमच्यापुरतं.”

हंसा वाईट नाही. खरं तेच बोलली. पण सगळंच खरं दारात उभ्या माणसाला सांगायचं असतं का?

भुरीबाईने ओढणी सारखी केली. “नाही वो, सहज आलती. शिटी कशी वाजते म्हनलं पाहाव.” आणि गेली.

हिरासिंग जेवायला बसला आणि माझं तोंड सुटलं.

“गंजात शिजवलं असतं त मास्तरकी गेली असती का तुई?”

“याडी,” आमच्यात आईला असंच म्हणतात, “त्यात मागून पानी टाकता येत नाही. जास्त भरलं त फुटते.”

“फुटू दे मंग. तुई काकी दारातून वापस गेली. तुया बाप खाटेवर पडला होता तवा कोनाच्या गंजातलं खाल्लं तुवा?”

“वरण निवून राह्यलं, याडी.”

“निवू दे. तुयासारखंच होऊ दे.”

मी ताट घेतलंच नाही. माझ्या वाट्याचं वरण वाटीत ओतलं, वर भाकर ठेवली आणि कुडाला वळसा घालून तिच्या घरी गेले. लेकरं भिंतीला टेकून बसली होती. भुरीबाईने वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“कोनाच्या ताटातलं आनलं, बाई?”

“उरलं होतं.”

“तुमच्या घरी आता उरत नाही.” ती हसली. “आमचं झालं जेवन. आताच उठलो.”

“पोट्टे त खातीन.”

“पोट्ट्याइचं बी झालं. झालं न रे?”

लेकरांनी आधी आईच्या तोंडाकडे पाहिलं, मग माना हलवल्या.

तिने मला पाट दिला. तिच्या चुलीत, राखेवर, मांजर अंग मुडपून निजली होती. मी पाट फिरवून घेतला आणि चुलीकडे पाठ करून बसले.