तुटलेल्या तारेवरून गेलेली हाक

मी टेलिफोनची एक जुनी तांब्याची तार आहे. खरं तर आम्ही दोघी आहोत, एकमेकींना पीळ घातलेल्या जुळ्या बहिणी. मित्रांनो, कोलंबियातल्या काली शहराच्या डोंगरउतारावर, दोन्या, म्हणजे बाई, इस्मेनिया या म्हातारीच्या घरी आम्ही वर्षानुवर्षं माणसांचे आवाज पोचवले.

पुढे आमच्यावरूनच इंटरनेट आलं. आवाज संथ लहरींवर चालतो, इंटरनेट फार वेगवान लहरींवर. घरातली एक छोटी डबी दोघांच्या वाटा वेगळ्या ठेवते. म्हणून आजी फोनवर भांडत असतानाच नात युरानी संगणकावर अभ्यास करू शके.

"आजी, हळू बोल की!"

"का गं? तुझ्या त्या पेटाऱ्याला कान आहेत?"

मग बसचालक आर्सेसियोला भर रस्त्यात गोळ्या घातल्या गेल्या. टोळीच्या बंदुका बसमधून न्यायला तो नाही म्हणाला होता. सगळ्यांनी पाहिलं, पण मारेकऱ्याचं नाव एकट्या इस्मेनियाने पोलिसांना सांगितलं.

रविवारी दुपारी टोळीतले तिघं तिच्या घरी आले. कोयत्याचा पहिला घाव माझ्यावर बसला. मी तुटले, बहिणीचं नुसतं कातडं सोललं.

"म्हातारे, दार उघड! लई जीभ चालते ना तुझी?"

"तुझ्यापेक्षा कमीच, मुडद्या!" म्हणत तिने कपाट दाराला लावलं आणि अंगाने रेटून धरलं.

युरानीने फोन उचलला. मुका. आवाजाला सलग वाट लागते, ती माझ्यापाशी तुटली होती. मोबाइल त्या उतारावर लागतच नसे. पण इंटरनेटच्या वेगवान लहरी बारीकशी फट कशीबशी ओलांडतात. संगणकाशेजारच्या मोडेमवरचा हिरवा दिवा विझला, फडफडला, पुन्हा लागला.

युरानीने शहरात राहणाऱ्या मावशीला संगणकावरून लिहिलं, "मावशी, घरात घुसताहेत. पोलीस पाठव." एवढी दोन वाक्यं माझ्यावरून मुंगीच्या पावलांनी गेली.

तोवर दाराची फळी फुटली. कोयता आत आला, इस्मेनियाची दोन बोटं फरशीवर पडली. ती किंचाळली, पण कपाट सोडलं नाही. भिंतीवर रक्त उडालं. युरानीनेही कपाटाला पाठ लावली. दोघी तशाच उभ्या राहिल्या.

मावशीने शहरातून पोलीस धाडले. पायऱ्यांवर गोळीबार झाला. दोघं पळाले, तिसरा तिथेच मेला. कोवळं पोरगं होतं. त्याची आई आली आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. इस्मेनिया हाताला फडकं गुंडाळून बाहेर आली. तिने त्या आईला पाणी दिलं.

पट्टी बांधलेल्या हातानेच तिने न्यायालयात साक्ष दिली. आर्सेसियोचा मारेकरी तुरुंगात गेला.

मला पुन्हा जोडलं गेलं. आता शेजारून काचेची नवी तार गेली आहे आणि चोर तांब्यासाठी आमच्यासारख्या तारा कापून, जाळून सोलतात. मित्रांनो, खांबावरची जुनी तार निरुपयोगी समजून तोडू नका. आधी विचारा, पलीकडे कोण आहे? कदाचित कुणी दार रेटून उभं असेल.