गेलीवेनच्या दिवाणखान्यातलं खोटं दार

टेगविन प्यूला खोटं बोलता येत नसे आणि खरं बोलायची वेळ साधत नसे. त्यामुळे अख्ख्या खोऱ्यात त्याला आपणहून चहाला बोलावणारं एकच घर उरलं होतं, प्लास गेलीवेन, म्हणजे गेलीवेनचा वाडा. त्या गुरुवारी तेही हातचं जायची वेळ आली.

समोरून पाहिलं तर गेलीवेन मोठं तालेवार दिसायचं. करडा दगड, मधोमध दार, डावीकडे जेवढ्या खिडक्या तेवढ्याच उजवीकडे. मागून मात्र कुणीतरी चार शेतघरं एकमेकांवर ढकलून दिल्यासारखं. मालकीण मॉर्विद एकटीच राहायची आणि उन्हाळ्यात पाहुण्यांना घर दाखवायची. इतिहासाची मास्तरकी संपल्यापासून टेगविन त्या घराच्या एकेका तुळईच्या प्रेमात होता. मालकिणीच्याही होता, पण ते त्याने तुळयांनाही कळू दिलं नव्हतं.

तर त्या दिवशी त्याच्या हातून लोणी लावलेला मनुकांचा पाव निसटला आणि दिवाणखान्यातल्या कोरीव लाकडी पडदीमागे गेला. तो काढायला म्हणून टेगविन ओणवा झाला, तो बराच वेळ उठेचना. उठला तो डोळे मोठे करूनच.

"मॉर्विदबाई, ही पडदी मठातली नाही."

मॉर्विदचा हात किटलीवरच थांबला. ती ओकची पडदी म्हणजे गेलीवेनची शान. खोऱ्यातला जुना मठ मोडला तेव्हा पूर्वजांनी ती बैलगाडीत घालून वाचवली, हे आजोबांनी तिला शंभरदा सांगितलेलं.

"मागे गोल करवतीच्या खुणा आहेत. म्हणजे यंत्रावर कापलेलं लाकूड. मठ मोडल्यावर तीनशे वर्षांनी केलेली नक्कल आहे ही."

"म्हणजे माझे आजोबा लबाड?"

"छे छे! त्यांना त्यांच्या आजोबांनी फसवलं असेल."

"वा! माझा चहा पिता, माझा पाव खाता, आणि माझंच खानदान लबाड? तुमचे वाडवडील काय करत होते हो तेव्हा?"

"मेंढ्या राखत होते. तुमच्याच."

"मग मेंढ्यांवर बोला!"

टेगविनने टोपी डोक्यावर चढवली. "पुन्हा या घरात पाऊल टाकणार नाही," असं म्हणून तो ताडताड चालत गेला आणि दार धाडकन लावून घेतलं.

गुडुप अंधार. नाक फळीला टेकलेलं.

शेकोटीच्या दोन बाजूंना दोन दारं होती. एक बाहेर नेणारं. दुसरं कुठेच न नेणारं. जुन्या बांधणाऱ्याने केवळ जोडी जुळावी म्हणून बसवलेलं. त्यामागे एक माणूस अंग चोरून उभा राहील एवढीच पोकळी होती, आणि मूठ फक्त बाहेरून. या दारावर टेगविनने गावात व्याख्यान दिलं होतं.

हाक मारली असती तर सुटका होती. पण आत्ताच एवढं बोलून निघालेला माणूस हाक कशी मारणार? ती उठून गेली की दाराला हळूच धक्का देऊन पाहावं, असं त्याने ठरवलं. बाहेर चमचा कपावर किणकिणला. बाई दुसरा कप घेत होत्या.

अवघडून त्याने हात हलवला तर समोरची कुजकी फळी मोडून हात कोपरापर्यंत आत गेला. बोटांना खांब लागला, कुऱ्हाडीने तासलेला. खांबाशेजारी विणलेल्या कामट्या, त्यांवर वाळलेला लेप. टेगविन तो लेप पुन्हा पुन्हा चाचपू लागला.

तेवढ्यात बाहेर बसचा भोंगा वाजला आणि बाला गावच्या महिला मंडळाचा गलका थेट दिवाणखान्यात शिरला. मॉर्विदने शेकोटी दाखवली, छत दाखवलं. "आणि ही पडदी... ओकची आहे," एवढं बोलून ती घाईने पुढे सरकली.

"अहो, ते खोटं दार कुठलं? माझी वहिनी सांगत होती," एका बाईने विचारलं.

"ते आज बंद आहे."

"खोटं दार बंद असतं होय?" म्हणत त्या बाईने मूठ फिरवली.

आत एक टोपीवाली पाठ उभी होती, एक हात भिंतीत घालून.

"अगंबाई! हे कोण?"

"आमचे इतिहासाचे मास्तर," मॉर्विद म्हणाली. "निघालेत."

टेगविनने मान वळवली नाही. "मॉर्विदबाई, बॅटरी आणा! कूड आहे कूड! कामट्या, माती आणि शेण! तुमच्या दगडी घराच्या पोटात तुमचं जुनं घर उभं आहे!"

"माझ्या दिवाणखान्यात शेण?"

"पाचशे वर्षांपूर्वीचं!"

मग कुणाला आवरणार? मंडळाच्या बायकांनी रांग लावली आणि प्रत्येकीने भिंतीत हात घालून पाहिला. शेकोटी आणि छत कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

बस गेल्यावर दोघंच उरले. टेगविनची बाही फाटली होती, मिशांना कोळिष्टकं लागली होती.

"पडदीचं खरंय ना तुमचं?" मॉर्विदने विचारलं.

"खरंय."

"आजोबा मला तिच्यासमोर उभी करून सांगायचे हो. डोळ्यांत पाणी यायचं त्यांच्या."

"ते पाणी नक्कल नव्हतं," टेगविन म्हणाला.

मॉर्विदने नाक पुसलं. "मिशी झाडा ती. आणि त्या फळ्या काढायची व्यवस्था करा. बघू तरी माझे लोक कुठे राहत होते."

पानगळीत तज्ज्ञांच्या देखरेखीखाली फळ्या निघाल्या. मागे धुराने काळवंडलेले खांब आणि कुडाची अख्खी भिंत होती. त्या दुपारी मॉर्विद अंगात कोट घालून भिंतीसमोर बसून राहिली, कारण फटींतून बोचरा वारा येत होता. टेगविन दाराशी घुटमळत होता.

"इकडे या, शेजारी बसा," ती म्हणाली. "आडोसा होईल."

तो वाऱ्याच्या बाजूला बसला आणि अंधार पडेपर्यंत हलला नाही.