पेंढ्याखालची रास

“चहात साखर हाय का नुसतं गरम पाणी? आता ह्यातपण काटकसर करा,” आबा, म्हणजे माझे वडील, बशीत बघत पुटपुटले. साखर रोजच्याइतकीच होती. पण हल्ली घरात काहीही बिनसलं की ते धनेशच्या नावावर मांडलं जाई, मग तो चहा का असेना.

धनेश माझा धाकटा भाऊ, कॅनडात कॅलगरीला असतो. मी इकडेच, वरसे गावात सासरी. त्या रविवारी पेणला एसटीतून उतरून खाडीकाठच्या माहेरी आले, ती त्याच्यासाठीच. मे महिन्यात यायचं म्हणतोय, आबा घरात घेतील का एवढं बघ, म्हणाला होता. शिफ्टला निघालेल्या नवऱ्यानं मध्ये न पडण्याचा सल्ला दिला. सल्ल्याला पेट्रोल लागत नाही.

आमचं मिठागर रस्त्यात गेलं. त्याचे आलेले पैसे आबांनी धनेशकडे दिले, तिकडच्या बाजारात लाव म्हणून. तिथली शहाणी माणसं बँका, रेल्वे, तेल असं थोडं थोडं सगळीकडे ठेवतात, असं तो समजावत होता. बोलता बोलता त्यानं एका लहानशा कंपनीचं नाव काढलं. जमिनीखालचं खारं पाणी उपसून त्यातून बॅटरीचं लिथियम काढणारी. आबा सावरून बसले. खाऱ्या पाण्यातून माल काढायचा, म्हणजे आपलाच धंदा. सगळे पैसे तिथंच गेले.

पहिलं वर्ष बरं गेलं. नाक्यावर लोक आबांना कॅनडाच्या मिठाचा भाव विचारत आणि आबा तो सांगतही. मग लिथियमचे भाव पडले, व्याजाचे दर चढले, कंपनीला कर्ज मिळेना. धनेश सुट्टीवर आला तेव्हा ओट्यावर बसून म्हणाला, विकूया, निम्मे तरी हातात येतील. आबा हसले होते. मिठाचा भाव पडला की रास पेंढ्यानं शाकारून ठेवायची आणि गप बसायचं, भाव येतोच. पडत्या भावात रास मोडणारा मिठागरवाला त्यांनी पाहिला नव्हता. मीठ कंपनीसारखं बुडत नाही, हे तेव्हा आमच्यापैकी कुणाला सुचलं नाही.

कंपनी बुडाली. तिचा शेअर बाजाराच्या यादीतूनच काढला. वर ते सगळं धनेशच्या करमाफ खात्यात, त्यामुळे तोटा करातूनही वजा होईना. आबांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. तो विकूया म्हणाला त्या दिवशी ओट्यावर मी होते, आई होती. पण ते बोलणं त्यानंतर या घरात कुणी काढलं नाही. आबा काठी घेऊन चालायला लागले होते. तेवढं कारण आम्हाला पुरत होतं.

धनेशचा व्हिडिओ फोन आला. मी तो डब्याला टेकवून उभा केला. धनेश दाढी वाढवून, स्वेटर घालून बसला होता. आई भिजवलेले वाल सोलत होती. तिनं त्याला जेवलास का विचारलं. त्यानं आबांचा गुडघा विचारला. आबा भिंतीकडे तोंड करून मला म्हणाले, “बापाचं मिठागर घालवलंन तिकडं. आता कोणत्या तोंडानं येतो, इचार त्याला.”

ते ऐकून धनेशनं मान खाली घातली.

“चूक माझीच आहे, आबा,” तो म्हणाला. “राहू दे, अनिताताई. मी नाही येत.”

त्याचा हात फोन बंद करायला पुढे आला. आईनं ओल्या बोटांनीच आमचा फोन उचलला, आपल्या तोंडासमोर धरला आणि थांब म्हणाली. मग फोन तसाच आबांकडे वळवला. लग्न झाल्यापासून तिनं त्यांना उलट उत्तर दिलेलं मला आठवत नाही. आवाजही चढला नव्हता.

“त्याची कशी चूक? तो इकतो म्हणत व्हता. इकू नको म्हणालात ते तुमी.”