फ्रॉकचं गुलाबी बटण

पर्सच्या कोपऱ्यात, टाचण्या आणि चुरगळलेल्या पावत्यांच्या गाळात, तिच्या नखाला एक गुळगुळीत गोळी लागली – गुलाबी, तिसरी. आधीच्या दोन तिथेच कुठेतरी होत्या... त्या दिवशी तिच्या गालांत काहीही भरलं गेलं नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आणि आता ते सांगितलंच नाही असं धरून चालू; कारण त्वचेच्या दवाखान्यातल्या गुबगुबीत कोचावर बसलेल्या तिला ते ठाऊक नव्हतं, आणि ती फार आशेने बसली होती.

हातात फॉर्म होता. फॉर्म म्हटला की तिला माहेरी आल्यासारखं वाटे. एकतीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर – आलेल्या कागदावर शिक्का, गेलेल्या कागदावर शिक्का. लग्नाआधी मास्तरांनी पाठवलेल्या पत्रावरसुद्धा तिने सवयीने ‘प्राप्त’ असा शिक्का मारून प्रत परत पाठवली होती, आणि मास्तरांनी तो होकार समजला होता. मास्तर म्हणजे नवरा, धंद्याने शिंपी.

‘सध्या चालू असलेली औषधे.’ इथे पेन अडलं. चार वर्षांपूर्वी तिच्या छातीचे ठोके ताल सोडून पडायला लागले, तेव्हापासून तिच्या गोळ्या दर रविवारी मास्तर बटणांच्या जुन्या डब्याच्या सात खणांत लावत – चष्मा नाकाच्या शेंड्यावर, दातांत दोरा, दोऱ्याचं तिथे काही काम नसताना – आणि बारशीही त्यांनीच केलेली. पांढरी ती शर्टाचं बटण, जाडी ती कोटाचं, गुलाबी ती फ्रॉकचं. खरी नावं घरात कुणी उच्चारलीच नव्हती. तिने सुवाच्य अक्षरात लिहिलं: शर्टाचं एक, कोटाचं एक. फ्रॉकचं... बंद.

गाल भरायचे ते मास्तरांसाठीच. तिच्या नाकापासून ओठांपर्यंत दोन घड्या पडल्या होत्या, आणि रोज संध्याकाळी चप्पल काढते न काढते तोच –

“रागावलीस का?”

“नाही हो.”

“मग जरा हसून दाखव बरं.”

“माझा चेहराच असा आहे.”

“असू दे. पण हसून दाखव.”

इथपर्यंत येता येता ती खरोखरच रागावलेली असे, आणि मास्तर मात्र समाधानाने मशीनकडे वळत. चार वर्षं. मी काय रोज परीक्षेला बसते?... मग आस्थापना शाखेतली मैत्रीण म्हणाली, दोन सुया टोचून घड्या भरून देतात, अर्धा तास, बाई हसरी! फक्त रक्त पातळ करणारी गोळी असेल तर गाल निळा पडतो म्हणे. निळा गाल घेऊन घरी गेलं तर शेजारी मास्तरांकडे कोणत्या नजरेने बघतील? मास्तर, जे कापडालासुद्धा कात्री लावण्याआधी चुचकारतात! रक्त पातळ करणारं ते फ्रॉकचं, एवढं तिला ठाऊक होतं; म्हणून तिने तीन दिवसांपूर्वी ते बंद केलं आणि रोजची गोळी गुपचूप पर्समध्ये टाकली. अर्ज तिचा, शिफारस तिची, मंजुरीही तिचीच.

डॉक्टर भाचीच्या वयाची होती. तिने फॉर्म दोनदा वाचला.

“काकू, हे फ्रॉकचं म्हणजे?”

तिने तिन्ही गोळ्या टेबलावर ठेवल्या. डॉक्टरने एक उजेडात धरली, तिच्यावरचा ठसा मोबाइलवर शोधला, आणि डॉक्टरच्या चेहऱ्यावरचं हसू घडी घालून ठेवल्यासारखं गेलं.

“ही रक्त पातळ करणारी. बंद करायला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. मीच. गाल निळा पडू नये म्हणून.”

“अहो काकू, निळा गाल पंधरा दिवसांत जातो. तुमचे ठोके चुकतात ना? तिथे गुठळी झाली आणि वर मेंदूत गेली, तर तोंड एका बाजूला उतरतं. ते मला भरून देता येत नाही.”

डॉक्टरने तिथूनच तिच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला. निरोप आला: आज घरी गेल्यावर नेहमीची एकच घ्यायची, राहिलेल्या भरून काढायच्या नाहीत, उद्या सकाळी दाखवायला यायचं. “आणि गालांचं त्यांना विचारूनच बघू. येताना नावं लिहून आणा. बटणं नकोत,” डॉक्टर म्हणाली.

घरी मशीन चालू होतं. “रागावलीस का?” मास्तरांनी मान वर करून विचारलं.

तिने तीन गोळ्या मशीनच्या फळीवर ठेवल्या आणि सगळं सांगितलं, आवक क्रमांक देत सांगावं तसं, एकही ओळ न गाळता. मशीन थांबलं. मास्तरांच्या गळ्यातली टेप एका बाजूला घसरली, आणि नाकापासून ओठांपर्यंत दोन घड्या... अगदी तिच्याच मापाच्या.

“रागावलात का?” तिने विचारलं. तिने हे आजवर कधी विचारलंच नव्हतं.

“घाबरलो.” टेप नीट करायचं मास्तरांना सुचलं नाही. “तुझे ठोके चुकायला लागले तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, तोंड एका बाजूला उतरतंय का, बोलणं अडखळतंय का, लक्ष ठेवा. रोज तोंड दाखव म्हटलं असतं तर तू धास्तावली असतीस. म्हणून आपलं... रागावलीस का.”

म्हणजे चार वर्षं, दर संध्याकाळी, हा माणूस... आणि मी ते पत्र चुकीच्या शाखेकडे पाठवत राहिले! मास्तरांनी फळीवरच्या गोळ्या बाजूला केल्या, डब्यातून आजचं फ्रॉकचं काढलं, पाणी दिलं. ती प्यायली. गाल भरावेत की नाही, हे तिला आता सांगता आलं नसतं. भरले, तर मास्तरांना तिचा चेहरा वाचता येईल का नीट?

“हसून दाखव,” ते म्हणाले.

ती हसली, दोन्ही बाजूंनी सारखी, आणि मनातल्या मनात मजकूर आपोआप उतरत गेला – ‘प्रति, मा. सक्षम प्राधिकारी, जे कोणी असतील ते. विषय: मुदतवाढ मिळणेबाबत. अर्जदाराच्या चेहऱ्याची दैनंदिन तपासणी विद्यमान शिंप्यामार्फतच चालू ठेवावी, आणि सदर शिंप्यास अर्जदाराच्या आधी, नंतर अथवा केव्हाही कार्यमुक्त करण्यात येऊ नये, ही नम्र विनंती.’