एकच मच्छरदाणी

घरात मच्छरदाणी एकच होती आणि ती कायम धाकटीची. मोठी शेजारीच उघड्यावर झोपायची. मलेरिया दोघींनाही व्हायचा. धाकटी दर वेळी दवाखान्यात, मोठी मात्र चार दिवस कण्हून पुन्हा हुंदडायला मोकळी. "हिला काय धाड भरलीय, दगड आहे नुसती!" असं आई कौतुकानेच म्हणायची, पण मोठीला ते सलत राहिलं.

पुढे मोठी रक्त तपासायच्या लॅबमध्ये लागली. एका सुट्टीत माहेरी आली तेव्हा तिने विषय काढलाच.

"आई, धाकटीला बाबांचा ए रक्तगट आला. त्या रक्तात मलेरियाचा जंतू शिरलेल्या पेशीला बाकीच्या पेशी येऊन चिकटतात, त्यांचे गठ्ठे होतात, बारीक नसा तुंबतात. तुझा नि माझा गट ओ. आपल्यात हे गठ्ठे कमी होतात. ताप येतो, पण सहसा जिवावर बेतत नाही."

आई म्हणाली, "म्हणजे तू दगड नव्हतीस."

"छे गं. तुझ्यावर गेले होते."

आई उठली. कपाटातली मच्छरदाणी काढून तिने मोठीच्या पलंगावर बांधली आणि कडा गादीखाली खोचू लागली.

"अगं, आत्ता तर सांगितलं ना, माझा गट ओ आहे!"

"असू दे. डास चावल्यावर तुलाही खाजायचंच की," खाली मान घालून आई म्हणाली. "मला मेलीला तेव्हा सुचलंच नाही."