आर्डिथ म्हणते

आमच्या मंडळात मी शेपूट आहे. म्हणजे परतीच्या प्रवासात सगळ्यात मागची गाडी माझी. कुणाचं चाक बसलं, कुणाच्या छताची जाळी उडाली, कुणी पाण्याचा पाइप नळालाच विसरून आलं, की ते गोळा करत मागून यायचं. माझा नवरा वसिल होता तेव्हा हे काम त्याचं होतं. तो गेला आणि काम माझ्या गळ्यात राहिलं. मोठी घरगाडी त्याने जायच्या आधीच विकली होती, ही छोटी मी नंतर घेतली. दर वसंतात म्हणते, हा शेवटचा प्रवास. ऑक्टोबर आला की पुन्हा टाकी भरते. घरी सस्कॅचवानमध्ये एकटीने बर्फाकडे बघत बसण्यापेक्षा ॲरिझोनाच्या वाळवंटात दहा जणांत बसून कंटाळलेलं बरं, एवढंच त्यातलं शहाणपण.

सहा महिने भरले की अमेरिकेत आम्हा सरहद्दीपलीकडच्यांना राहता येत नाही, त्यामुळे एप्रिलच्या तोंडाला, घरी बर्फ असो नसो, निघावंच लागतं. पूर्वी आमची रांग वळणावर मावत नसे. यंदा सहा गाड्या होत्या. कोण कुठे गेलं हे आता कुणी विचारत नाही, कारण उत्तरं दोनच असतात, गाडी विकली किंवा माणूस गेलं.

प्रत्येक थांब्यावरून निघताना डोकी सांगायची, हा आमचा नियम. पुढच्या गाडीतून लॉर्न वायरलेसवर नाव पुकारतो आणि ज्याने त्याने आपल्या गाडीत किती डोकी आहेत ते बोलायचं. बर्नीला तिचा नवरा मोंटानातल्या एका पंपावर विसरून पुढे गेला, तेव्हापासून हे सुरू झालं. मोठ्या घरगाडीत मागे निजायची खोली असते, तिला सरकतं दार असतं. बायको आत झोपलीय अशा समजुतीत माणूस शंभर मैल जातो. नवरे जगात सगळीकडेच बायकांना विसरतात, आमचे डिझेल भरून विसरतात.

त्या दिवशी यूटामध्ये बीव्हर गावच्या पंपावर आम्ही थांबलो होतो. वारा असा होता की टोपी हातात धरावी लागत होती. सगळे निघाले. लॉर्नने डोकी पुकारली. मर्व्हिन स्कोग्लंडचं नाव आलं तेव्हा तो नेहमीसारखा म्हणाला, "दोन." मी चाकात हवा भरून उठले, तर माझ्या गाडीच्या दाराशी दोन्ही हातांत कॉफीचे पेले घेऊन त्याची बायको उभी.

"एक तुझा," आर्डिथ म्हणाली. "साखर नाही घातली."

"अगं, तो गेला की!"

"बघितलं मी. समोरूनच गेला. हात केला असता तर दिसले असते त्याला."

"मग केला का नाहीस?"

"हातात कॉफी होती." असं म्हणून ती माझ्या शेजारच्या सीटवर चढून बसली. तिच्या पाठीचं दुखणं जुनं आहे. ती बसली की आधी सगळं अंग एका बाजूला जातं, मग हळूहळू सरळ होतं. तेवढं होईपर्यंत मी थांबले आणि वायरलेसला हात घातला. तिने माझं मनगट धरलं.

"थोडं थांब, लिओना. त्याला कळू दे. बघू तरी कधी कळतंय."

नियमाप्रमाणे मी तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. पण तिचा चेहरा बघून माझ्याने बटण दाबवेना. त्या चेहऱ्याचं कारण मला माहीत होतं, साऱ्या मंडळालाच माहीत होतं. आमच्या घराकडे, यॉर्कटनला, म्हाताऱ्यांच्या इमारतीत तळमजल्यावरच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या होत्या. आर्डिथने तीन वर्षांपासून नाव लावलं होतं. हो की नाही ते त्या दिवशी दुपारपर्यंत कळवायचं होतं, नाहीतर खोल्या पुढच्या नंबराला जाणार होत्या. शेतावरचं घर मर्व्हिनने कधीच विकलंय. उन्हाळ्यात ते मुलाच्या अंगणात गाडी लावून राहतात आणि सून खिडकीतून हात हलवते. आर्डिथला एकच गोष्ट हवी होती, जमिनीला लागून असलेलं एक दार. मर्व्हिनला विचारलं की तो म्हणायचा, "बघू." आणि मागच्या रविवारी, ती शेजारी खुर्चीत बसलेली असताना, ॲरिझोनात आम्ही गाड्या लावतो त्या जागेच्या मालकाला त्याने सांगून टाकलं की पुढच्या हिवाळ्यालाही आम्ही दोघं आहोत.

आम्ही निघालो. रस्ता सरळ, दोन्ही बाजूला करडी झुडपं, लांब डोंगरांवर बर्फ. वायरलेसवर नेहमीच्या गप्पा सुरू झाल्या. कुणाच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली, कुणाच्या तळघरात पाणी शिरलं. मी माझा आवाज बारीक ठेवते, पण आर्डिथने बटण फिरवून मोठा केला.

"मर्व्हिन, आर्डिथची पाठ कशी आहे रे?" लॉर्नने विचारलं.

"झोपलीय मागे. आता बरं आहे म्हणते."

मी हसले. कुणीही हसलं असतं. आर्डिथने कॉफीचा घोट घेतला.

मग वायरलेसवर बर्नी आली. "मर्व्हिन, तिला विचार ना, पुढच्या हिवाळ्यात गोधड्या शिवण्याचं कोण बघणार? मी का ती?"

मर्व्हिन जरा थांबला. मान वळवून मागे विचारायला माणसाला लागतो तेवढा वेळ. मग म्हणाला, "आर्डिथ म्हणते, तीच बघेल."

माझं हसू तोंडातच राहिलं. आर्डिथने काचेबाहेर बघत म्हटलं, "ऐकलंस? मी किती पटकन तयार होते बघ."

"आणि त्या तळमजल्याचं काय ठरलं?" लॉर्नने विचारलं. त्याला चौकशा फार.

पुन्हा तेवढाच वेळ गेला. "आर्डिथ म्हणते, घाई कसली. पाय चालतायत तोवर फिरून घेऊ."

मला त्याचा राग आला. मग वाटलं, हा खोटं बोलत नाहीये. यानं खरंच मागे मान वळवून विचारलं असणार. उत्तर आलं नाही, आणि तरी याला उत्तर मिळालं. हे खोटं बोलण्यापेक्षा वाईट होतं.

"छान बोलते की मी," आर्डिथ म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. चढण चढून आलेल्या माणसाचा असतो तसा तो आवाज होता. "माझ्याशिवायही माझं सगळं नीट चाललंय. मग मी एका जागी बसले तर याचं अडतंय कुठे? तुझा फोन दे जरा. माझा त्याच्यापाशी राहिलाय."

तिने यॉर्कटनला फोन लावला. बोलताना पाठ ताठ केली. "स्कोग्लंड बोलतेय. हो, खोल्या मी घेते... नाही, नक्की घेते." पलीकडच्या बाईने काहीतरी विचारलं. "मी येतेय," आर्डिथ म्हणाली. "दुसऱ्या माणसाचं विचारून सांगते." फोन माझ्या मांडीवर ठेवला आणि वायरलेस उचलला. बटण दाबायला तिला दोनदा जोर करावा लागला, बोटं तिची कधीची वाकलीत.

"मर्व्हिन, आर्डिथ बोलतेय. लिओनाच्या गाडीतून."

मग लॉर्न खिंकाळला, "अरे, गेली रे तुझी!" आणि पाठोपाठ सगळे सुटले. बर्नी ओरडली, "ये गं बाई, विसरलेल्यांत मी एकटीच होते इतके दिवस! कुठल्या पंपावर टाकलं तुला?" कुणीतरी भोंगा वाजवला. आमच्यात असं काही घडलं की पुढचे दोन हिवाळे पुरतं.

आर्डिथने त्यांना हसू दिलं. मग पुन्हा बटण दाबलं. "मी अजून काय काय म्हटलं, मर्व्हिन? सांग ना. मलाही कळू दे."

हसणं थांबलं. शेवटी लॉर्नने, एरवी गावभर चालणाऱ्या तोंडाने, कसंबसं सांगितलं की पुढे गाड्या थांबवायची मोकळी जागा आहे, तिथे सगळ्यांनी आत घ्या.

आम्ही सगळ्यात शेवटी पोचलो. मर्व्हिन गाड्यांच्या कडेने माझ्याकडे चालत आला. उंच माणूस, पण वाऱ्यात वाकून चालताना तो कुणीतरी निराळाच वाटला. माझ्या खिडकीची काच खाली केली तर आर्डिथ पुढेच बघत होती. दोघांच्या मधे मी. उठून कुठे जायची सोय नव्हती.

"मला वाटलं तू झोपलीयस," तो म्हणाला.

"झोपलेलं माणूस गोधड्या सांभाळते म्हणून सांगतं का?"

"मी विचारलं तुला. तू बोलली नाहीस. तू..." त्याने टोपी काढली आणि परत घातली. "तू एरवी तरी कुठे बोलतेस? मग मीच सांगतो."

"मी तीन वर्षं बोलतेय, मर्व्हिन. खोल्या घेतल्या मी. आत्ता फोन केला."

तो माझ्या गाडीच्या आरशाकडे बघत म्हणाला, "आणि मी?"

"तुझं तू सांग," आर्डिथ म्हणाली. "तुझ्या वतीने मी बोलणार नाही."

तो तसाच वळला आणि परत गेला. मी म्हटलं, "आर्डिथ, जरा जास्तच झालं गं." ती म्हणाली, "झालं असेल." आणि माझ्या कागदी रुमालांच्या खोक्यातून एक ओढून घडी घालत बसली. मला वाटलं, ही आता माझ्याबरोबर सरहद्दीपर्यंत येणार. खरं सांगते, मला बरं वाटलं. शेजारच्या सीटवर इतकी वर्षं नकाशा आणि सफरचंदांची पिशवी बसत आलीय.

तेवढ्यात वायरलेस करकरला.

"मी मर्व्हिन." मग नुसता वारा. "मी दमलोय. दोन हिवाळे झाले. उजेड कमी झाला की मला रस्त्याची पांढरी रेघ दिसत नाही, म्हणून मी तुम्हाला चार वाजताच थांबा थांबा म्हणतो. भूक लागते म्हणून नाही." पुन्हा वारा. "मला त्या खोल्यांची भीती वाटते. आपल्यातल्या राल्फने गाडी विकली आणि वर्षात गेला. वसिलने विकली आणि तोही गेला, लिओना, माफ कर. गाडी थांबली की आपण थांबलो असं वाटतं मला. पण मी येतो, आर्डिथ. तुला चालणार असेल तर मी येतो तिथे."

वसिलचं नाव असं उघड्यावर आलं. गाडी विकली आणि तो गेला, हेच मी रोज रात्री दिवा घालवताना मनात म्हणते आणि कुणापाशी बोलत नाही.

आर्डिथचे डोळे भरले होते, पण ती चिडली होती. "हे मला एकटीला सांगता आलं नसतं याला? सगळ्या यूटाला ऐकवलं!" नाक पुसलं आणि दार उघडलं. मी तिच्या बाजूला जाऊन कोपर धरलं. आधी एक पाय, मग दुसरा, मग पाठ सरळ होईपर्यंत उभं राहणं. घाई करून काही उपयोग नसतो. मग ती गाड्यांच्या कडेने निघाली. एकेका गाडीपाशी काचेआडून चेहरे तिच्याकडे बघत होते आणि ती कुणाकडे बघत नव्हती. मर्व्हिनने तिच्यासाठी पायरी खाली सोडली आणि हात पुढे केला. तिने तो लगेच धरला नाही. पण धरला.

मी परत येऊन बसले. तिची कॉफी निम्मी राहिली होती. ती मी पिऊन टाकली.

"लिओना," लॉर्नचा आवाज आला, इतका हळू की मला आधी तो दुसराच कोणी वाटला. "तुझं काय म्हणणं आहे?"

तो निघण्याबद्दल विचारत होता, की आणखी कशाबद्दल, कोण जाणे. मी बटण दाबलं. 'मीही दमलेय' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. सगळे ऐकत होते, आणि बोलले असते तर त्या दिवशी कुणी हसलंही नसतं. पण मर्व्हिनने बोलून दाखवलं तेव्हा ऐकायला त्याची बायको होती. माझ्या तोंडून निघालं असतं तर संध्याकाळी ते घेऊन मी जाणार कुठे होते?

"काही नाही," मी म्हटलं. "निघा तुम्ही. मी आहे मागे."